नवं पिल्लू आलं आणि मनी कपाटावर जाऊन बसली

एका वाचकताईंचं पत्र आलंय, मांजरांची नावं मी बदललीयेत. त्यांच्याकडे मनी ही ९ वर्षांची मांजर आणि गुंड्या हा ५ वर्षांचा बोका आहे, दोघांचंही नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, दोघांचं एकमेकांशी बरं चालतं. ११ दिवसांपूर्वी एका गाडीच्या बॉनेटखाली अडकलेलं पिल्लू त्यांनी सोडवून घरी आणलं. डॉक्टरांनी साधारण दोन महिन्यांचं सांगितलं, वजन ८०० ग्रॅम. त्याच संध्याकाळी 'ओळख करून देऊ' म्हणून त्यांनी पिल्लाला दोघांसमोर ठेवलं. मनी फिस्कारली, पंजा मारला आणि कपाटावर जाऊन बसली. तेव्हापासून ती बहुतेक वेळ तिथेच असते, खाणं अर्ध्यावर आलंय. गुंड्या पिल्लाला लांबून टक लावून बघतो आणि त्याने दोनदा बेडवर शू केली. ताई मनीला दोनदा रागावल्या आणि आता त्याचं त्यांना वाईट वाटतंय. 'बोके पिल्लांना मारतात' असं कोणीतरी सांगितल्यामुळे पिल्लाला एक मिनिटही एकटं सोडवत नाही, रात्री ते त्यांच्याजवळच झोपतं. प्रश्न असा की मनीचा हा मत्सर कधी जाणार, आणि नाहीच गेला तर पिल्लू कोणाला तरी देऊन टाकायचं का.

ताई, आधी गुंड्याचं बघू, कारण बाकी सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे नाही. बोक्याने अचानक भलत्याच जागी शू केली की आपण लगेच 'राग काढतोय' म्हणून मोकळे होतो, पण ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते आणि बोक्यांचा मूत्रमार्ग मुळातच अरुंद असल्यामुळे तो तुंबू शकतो. आज दिवसभर नीट लक्ष ठेवा. तो लिटर बॉक्समधे जाऊन नुसता बसून परत येतो का, जोर करतो का, ओरडतो का, थेंबथेंबच होते का, मागच्या बाजूला सारखं चाटत बसतो का. यातलं काही दिसलं आणि शू होतच नसेल किंवा थेंबथेंबच होत असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, डॉक्टरांकडे न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. शू तुंबलेला बोका एकदोन दिवसांत जाऊ शकतो. आणि शू व्यवस्थित होत असली तरी या आठवड्यात लघवी तपासून घ्याच. मनीचंही तसंच, अर्धं खातेय तोवर ठीक, पण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर दाखवायला न्या, कारण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही जाड मांजराच्या, लिव्हरवर फार लवकर परिणाम होतो.

आता मुख्य गोष्ट. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि त्यात दोन वाक्यं अशी आहेत की जी तुम्ही एकमेकांपासून बरीच लांब लिहिलीयेत. एक, 'पिल्लू रात्री माझ्या कुशीतच झोपतं.' आणि खाली पार शेवटी, 'मनी इतकी वर्षं माझ्या उशीपाशी झोपायची, आता येतच नाही.' ताई, मनीसाठी ही एकच गोष्ट आहे हो. तिची रोजची जागा गेली, त्या जागेला अनोळखी वास यायला लागला, आणि ज्या माणसाजवळ जाऊन ती शांत व्हायची त्या माणसाच्या अंगालाही तोच वास येतोय. मग ती कपाटावर जाईल नाहीतर काय करेल?

म्हणून 'मत्सर' हा शब्द आपण आधी बाजूला ठेवू. तो शब्द वापरला की मनी गुन्हेगार होते आणि मग आपण तिला रागावतो. आजची आपली पाळीव मांजरं ज्या आफ्रिकन रानमांजरापासून आली ते एकट्याने शिकार करणारं, आपापला इलाखा धरून राहणारं जनावर आहे. मांजरी एकत्र राहतच नाहीत असं नाही, नात्यातल्या माद्या मिळून पिल्लंसुद्धा वाढवतात, पण बाहेरून आलेल्या जिवाला त्या अशा एका संध्याकाळी आत घेत नाहीत. मनीच्या डोक्यात 'ही त्या पिल्लावर जास्त प्रेम करते' असा हिशोब चालू नसावा, तिच्या डोक्यात एवढंच असावं की माझ्या घरात कोणीतरी घुसलंय आणि मला माहीत नाही ते काय करेल. कपाटावर बसणारी, कमी खाणारी मांजर घाबरलेली असते. ८०० ग्रॅमच्या पिल्लाला कोण घाबरतं असं आपल्याला वाटतं, कारण आपण डोळ्यांनी बघतो, ती नाकाने बघते आणि वासाला वजन नसतं.

आणि फिस्कारणं म्हणजे काय, तर 'लांब रहा' एवढंच. ती मारामारी टाळण्यासाठी फिस्कारते. तुम्ही त्यावर रागावलात, तर तिच्या लेखी काय झालं बघा, तिने नीट तोंडाने सांगितलं आणि वर तिलाच ओरडा बसला, म्हणजे पुढच्या वेळी ती न सांगता सरळ पंजा मारणार. म्हणून फिस्कारल्यावर ओरडू नका, पाणी मारू नका, पिल्लाला शांतपणे लांब घ्या, बस. दोनदा रागावलात त्याचं फार मनाला लावून घेऊ नका. मांजरं रोज वाढलेल्या खाण्यावरून आणि न मोडलेल्या सवयींवरून आपल्याला जोखतात, ते तुम्ही ९ वर्षं केलंयत.

ही समोरासमोर ठेवायची चूक मीही केलीये. मी तर पिल्लाला हातात धरून आमच्या थोरलीच्या नाकाशी नेलं होतं, मला वाटलं माझ्या हातात आहे म्हणजे तिला विश्वास वाटेल. मनगटावर तीन लांब ओरखडे आले आणि ती तीन दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही. मग सगळं पहिल्यापासून, पिल्लाला वेगळ्या खोलीत ठेवून केलं. पिल्लाच्या गालावरून, मानेवरून एक जुना मोजा फिरवायचा आणि तो थोरलीच्या वाटेत कुठेतरी टाकून ठेवायचा, जवळ न्यायचा नाही, तिचं ती बघेल. पहिल्या दिवशी ती त्या मोज्यापाशी थांबली, वास घेतला, वरचा ओठ उचलून तोंड अर्धं उघडं ठेवून तशीच उभी राहिली आणि मग चक्क मोज्यावर फिस्कारून निघून गेली. दुसऱ्या दिवशी नुसता वास घेतला. चौथ्या की पाचव्या दिवशी मी खोलीत आले तर ती त्या मोज्यावर बसून पाय चाटत होती. पिल्लू तिने अजून पाहिलेलंही नव्हतं तेव्हा, पण त्या दिवशी मला कळलं की अर्धं काम झालं.

तुम्हीही तेच करा, पुन्हा शून्यापासून. ११ दिवस गेले म्हणून आता काय उपयोग असं वाटेल, पण उपयोग होतो. पिल्लाला एक बंद होणारी खोली द्या, खोली नसेल तर बाथरूमही चालतं, तेही शक्य नसेल तर मोठा पिंजरा आणि त्यावर अर्धी चादर. त्यात त्याचं पाणी, खाणं, बसक्या कडांचा लिटर बॉक्स, लपायला एक खोका, आणि टॉवेलमधे गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. इतक्या लहान पिल्लाला गुठळी होणारं लिटर देऊ नका, ती ते खाऊन बघतात. तुम्हाला हे दुष्टपणाचं वाटेल, मला माहितीये, बॉनेटखालून काढलेल्या जिवाला पुन्हा कोंडायचं म्हणजे. पण एवढुशा पिल्लाला सगळं घर हे फार मोठं असतं, शिवाय ते दिवसाचे १८-२० तास झोपतं. उरलेल्या वेळात दिवसातून चारपाच वेळा जाऊन खेळा, मांडीवर घ्या, त्याला माणसाची सवय लागण्याचंही हेच वय आहे. बाहेर आलात की हात धुवा, वरचा शर्ट बदला आणि मग मनीकडे जा.

खोली वेगळी करण्याचं दुसरं कारण आजारपण, आणि हे ज्यांच्या घरी पिल्लू अजून यायचंय त्यांनी तर नीटच वाचा. रस्त्यावरून आलेल्या पिल्लाच्या अंगात काय आहे ते पहिल्या दिवशी दिसत नाही. मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्युकोपेनिया, साधारण २ ते १० दिवसांत लक्षणं दाखवतो, तो विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो आणि हँड सॅनिटायझरने मरत नाही, पातळ केलेलं ब्लीच लागतं. गजकर्ण उठायला एक ते तीन आठवडे लागतात आणि ते आपल्यालाही होतं. कानातले किडे, पिसवा, जंत हे तर बहुतेक असतातच. म्हणून कमीत कमी १४ दिवस वेगळं ठेवणं. तुमचे ११ दिवस एकत्र गेलेत, ते काही परत येत नाहीत, पण मनी आणि गुंड्याच्या लसी कधी झाल्यात ते फाईल काढून बघा आणि डॉक्टरांना विचारा की बूस्टर हवा का. पिल्लाची ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांतल्या दोन विषाणूंची टेस्ट करून घ्या, फक्त एफआयव्ही पॉझिटिव्ह आली तर लगेच खचू नका, सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लात आईकडून आलेल्या अँटीबॉडीजमुळेही ती तशी येते, नंतर पुन्हा करायची असते. ल्युकेमियाचीही निगेटिव्ह आली तरी महिन्याभराने परत करायला सांगतात. आणि एक, पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं जे मांजरांना विष आहे. बेडवरची शू पुसायला फिनाईलही नको, त्यातले घटक मांजरांना बाधतात. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, नाहीतर तो वास गुंड्याला येत राहणार आणि तो पुन्हा तिथेच जाणार.

बरं, पिल्लू खोलीत, मोजे इकडून तिकडे, हे जमलं की खाणं. बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. सुरुवातीला मनीची वाटी दारापासून इतकी लांब ठेवायची की ती निवांत खाईल, आठ फूट तर आठ फूट, आणि रोज थोडी थोडी पुढे. खाणं हा तुमचा थर्मामीटर आहे, ती मान वर न करता खातेय म्हणजे अंतर बरोबर आहे, दोन घास खाऊन दाराकडे बघत थिजली म्हणजे तुम्ही घाई केलीत, वाटी मागे घ्या. एखादा दिवस पुढे, दोन दिवस मागे असंच होतं ते. मग जागांची अदलाबदल, मोठ्यांना अर्धा तास पिल्लाच्या खोलीत सोडायचं आणि पिल्लाला घरात हिंडू द्यायचं, कोणी कोणाला न बघता. यातून पिल्लालाही घराच्या वाटा कळतात, पुढे पळायची वेळ आली तर कुठे शिरायचं ते त्याला माहीत असतं.

बघणं त्यानंतर. दारात जाळी लावता आली तर उत्तम, नाहीतर दार चार बोटं उघडं ठेवून अडकवायचं. आधी पिल्लाला दोरीने किंवा चेंडूने खेळवून चांगलं दमवा, कारण मोठ्या मांजरांना पिल्लाच्या वासानंतर सगळ्यात जास्त कशाचा त्रास होत असेल तर ते त्याच्या उड्यांचा, ते सरळ अंगावर धावत येतं, त्याला मांजरांचे शिष्टाचार अजून यायचे असतात. दोन-तीन मिनिटं, सगळं शांत असतानाच दार लावून टाकायचं. आपण नेहमी उलट करतो, 'छान चाललंय, अजून थोडं राहू दे' म्हणत बिनसेपर्यंत थांबतो आणि मग लक्षात राहतं ते बिनसलेलं.

आणि मनी-गुंड्याला एकदम दोघांना समोर आणू नका. आधी एकट्या गुंड्याशी ओळख होऊ दे. बोके पिल्लांना मारतात हे तुम्हाला कोणी सांगितलं ते अगदी खोटं नाही, ऑपरेशन न झालेल्या, बाहेर हिंडणाऱ्या बोक्यांच्या बाबतीत असं घडतं. गुंड्या त्यातला नाही. माझा अनुभव असा की ऑपरेशन झालेले घरातले बोके पिल्लांना बऱ्याचदा मादीपेक्षा लवकर स्वीकारतात. फक्त त्याच्या वजनापुढे पिल्लू काहीच नाही, त्यामुळे पिल्लू नीट मोठं होईपर्यंत, अगदी मैत्री झालेली दिसली तरी, तुम्ही घरात नसताना दोघांना एकत्र सोडायचं नाही. ज्यांच्याकडच्या बोक्याचं ऑपरेशन झालेलं नाही त्यांनी ते आधी करा, मग पिल्लाचं बघा.

खेळतायत की भांडतायत हे कसं ओळखायचं असं बरेचजण विचारतात. खेळ बहुतेक वेळा मुका असतो, आणि आळीपाळीने असतो, एकदा हा वर एकदा तो, नखं आत असतात, मधेच दोघं थांबून अंग चाटतात. भांडणात आवाज असतो, कान मागे चिकटलेले, अंग फुललेलं, एकजण सारखा पळतोय आणि दुसरा सोडतच नाही. मला आवाजापेक्षा टक लावून बघण्याची जास्त काळजी वाटते, ताठ शरीर, डोळे न मिटता, शेपटीचं टोक हलतंय. तुम्ही गुंड्याचं लिहिलंय ते हेच असेल तर तेव्हाच मधे एक पुठ्ठा किंवा उशी सरकवा, नजर तुटली की बरंच सुटतं. हात घालू नका, त्या क्षणी ते तुम्हालाही ओळखत नाहीत. तीन मांजरं म्हणजे लिटर बॉक्स चार, आणि ते वेगवेगळ्या जागी, एका ओळीत चार ठेवले तर मांजराच्या दृष्टीने तो एकच. वाट्यांचंही तेच. आणि मनीच्या कपाटावर एक मऊ फडकं टाका, तिला तिथून खाली काढायचा प्रयत्न करू नका. ती जागा तिला मिळाली म्हणून ती अजून घरात टिकून आहे. पाणी, हवं तर खाणंही तिथेच जवळ द्या काही दिवस.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. पिल्लू देऊन टाकायचं का? ११ दिवसांवर हा निर्णय घेऊ नका, तेही पहिली भेट अशी झालेली असताना. मोठ्या मांजरांना आठवडे लागतात, काहींना महिने. माझ्या थोरलीला चार महिने लागले. आणि त्यानंतरही त्या दोघी कधी एकमेकींच्या अंगावर झोपल्या नाहीत, पण एकाच खिडकीत, मधे हातभर जागा सोडून, दोघी रोज बसायच्या. माझ्या मते ते यशच होतं. तुमच्या पत्रात 'त्यांची गट्टी कधी जमेल' असं चारदा आलंय, ती अपेक्षा जरा खाली आणा. मनी पूर्ण खातेय, तिच्या जागी झोपतेय, घरातून न बिचकता चालतेय, पिल्लू समोरून गेलं तर फार तर एक फिस्कारा, एवढं झालं तरी तिचं आयुष्य चांगलं आहे. गट्टी जमली तर आनंदच.

पण तीनेक महिने हे सगळं खरंच नीट करूनही मनी खात नसेल, लपूनच राहत असेल, गुंड्याचा मूत्राशयाचा त्रास परत परत होत असेल, तर पिल्लाला चांगलं घर शोधून देणं यात काहीच वाईट नाही. आणि ज्यांच्याकडची मांजर १४-१५ वर्षांची आहे, किडनीची आहे, सांधे दुखतायत, त्यांना मी तर स्पष्टच सांगेन की पिल्लू वाचवा, महिनाभर वेगळ्या खोलीत सांभाळा, लसी करा आणि दुसरं घर बघा. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला घर मिळणं म्हाताऱ्या मांजराला नवं घर मिळण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. त्याला गाडीतून काढलंत तेव्हाच तुम्ही त्याचं जे करायचं ते केलंत, पुढे ते तुमच्याच घरी वाढलं पाहिजे अशी अट त्यात नव्हती. काहीजण सुचवतात की अजून एक पिल्लू आणा म्हणजे ती दोघं आपसात खेळतील आणि मोठ्यांना सोडतील. एकट्या म्हाताऱ्या मांजराच्या घरात हे कधीकधी खरंच चालतं, पण तुमच्या घरात आत्ता मला ते नको वाटतं, गुंड्या ५ वर्षांचा आहे, खेळगडी तोच होऊ शकेल.

आज रात्रीपासून मात्र एक करा. पिल्लाला त्याच्या खोलीत झोपवा, ते रडेल, पहिले एकदोन दिवस रडतं, बाटली कोमट आहे ना बघा आणि झोपायच्या आधी त्याला पोटभर खाऊ घालून खेळवा. तुमच्या बेडवरच्या चादरी, अभ्रे सगळं धुवायला टाका. कपाटावर जे फडकं मनी दोन दिवस वापरेल ते नंतर काढून उशीच्या बाजूला, तिच्या नेहमीच्या कडेला पसरा आणि कपाटावर तिला दुसरं द्या. बेडरूमचं दार उघडं ठेवा, तिला उचलून आणू नका, हाक मारू नका. उद्या येणार नाही, परवाही कदाचित नाही. पण एखाद्या रात्री झोपेत उशीपाशी काहीतरी जड टेकल्यासारखं वाटेल, तेव्हा लाईट लावू नका, हलूही नका, तिला झोपू द्या.